केसी झवाग्लिया यांची दोऱ्यांतली व्यक्तिचित्रे आणि त्यांची मागची बाजू

सुईदोरा:

नमस्कार. अमेरिकेतील सेंट लुइस येथे राहणाऱ्या केसी झवाग्लिया यांच्या भरतकामाविषयी येथील जाणकारांकडून समजून घ्यावे, या हेतूने हा धागा काढत आहे. झवाग्लिया आपल्या कुटुंबीयांची, मित्रमैत्रिणींची आणि परिचित कलावंतांची व्यक्तिचित्रे बेल्जियन लिननवर हाताने भरतात. काही अंतरावरून ही चित्रे तैलरंगातलीच वाटतात, इतका त्यांतला गालांचा, कपाळाचा आणि डोळ्यांखालच्या मऊ भागाचा उठाव खरा असतो. जवळून पाहिले की सगळीकडे एकमेकांवर चढलेले बारीक टाके दिसू लागतात.

माझे प्रश्न तीन आहेत. पहिला त्वचेच्या रंगाविषयी आहे. लांब-आखूड टाक्याने पाकळी किंवा पान भरताना एकाच रंगाच्या तीन-चार छटा पुरतात, कारण पाकळीचा रंग कडेकडून मध्याकडे एका क्रमाने गडद किंवा फिका होत जातो. चेहऱ्याचे तसे नसते. नाकाच्या शेंड्याजवळ, कानाच्या पाळीपाशी, ओठांच्या वर वेगवेगळेच रंग असतात आणि दोरा तर रंगासारखा कालवता येत नाही. मग झवाग्लिया हे कसे साधतात?

दुसरा प्रश्न मागच्या बाजूचा आहे. गेली काही वर्षे त्या आपल्या व्यक्तिचित्रांची उलटी बाजूही प्रदर्शनात मांडतात. तिथे गाठी आहेत, लोंबणारी टोके आहेत, एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत ओढलेले दोरे आहेत. आपल्याकडे भरतकामाची परीक्षा कापड उलटून होते, हे वेगळे सांगायला नको. असे असताना एवढ्या कसबी कलावंताला ही बाजू दाखवावीशी का वाटली असेल?

तिसरा प्रश्न या दोन्हींच्या मुळाशी आहे. चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेली व्यक्ती भरतकामाकडे कशामुळे वळते, आणि वर्षानुवर्षे घरातल्याच माणसांचे चेहरे का भरत राहते?

माझ्या आजीच्या एका जुन्या कृष्णधवल छायाचित्रावरून तिचा चेहरा भरण्याचा माझा विचार आहे, त्यामुळे उत्तरे हाताने करून पाहणाऱ्यांकडून आली तर अधिक आनंद होईल.

चित्रवही:

आपण तिसरा म्हणून विचारलेला प्रश्न मी आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते. झवाग्लिया यांचा जन्म 1971 सालचा, इंडियाना राज्यातला; बालपणाचा काही काळ ऑस्ट्रेलियात गेला. पुढे सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी चित्रकलेचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि त्या तैलरंगात व्यक्तिचित्रे करू लागल्या. घरात लहान मुले आली तेव्हा तैलरंगांसोबत येणारी द्रावणे आणि त्यांच्या वाफा त्यांना नकोशा झाल्या. विषारी नसलेले माध्यम शोधताना ऑस्ट्रेलियात लहानपणी केलेले लोकरीचे भरतकाम त्यांना आठवले, आणि ब्रशच्या जागी सुई आली. विषय मात्र तोच राहिला. आपल्या भरतकामाचा उल्लेख ‘चित्र’ असाच करावासा वाटतो आणि आपण अजूनही चित्रकारच आहोत, असे त्या सांगत आल्या आहेत. मला यात अभिनिवेश दिसत नाही, तर कामाच्या पद्धतीचे सरळ वर्णन दिसते, कारण त्यांनी भरतकामाच्या पुस्तकातले टाके घेऊन चेहरा भरलेला नाही; त्यांनी रंगकामाच्या सवयी दोऱ्यात आणल्या.

सुरुवातीला त्या क्रुएलची लोकर वापरत. ही बारीक, घट्ट पिळाची लोकर सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या पडद्यांवरच्या वेलबुट्टीसाठी लोकप्रिय होती. तिच्या छटा पुष्कळ असल्या, तरी माणसाच्या त्वचेसाठी लागणाऱ्या छटा त्यात सापडणे कठीणच. कालवता येत नाही म्हणून त्यांनी थरांचा क्रम बसवला: कोणता रंग आधी घालायचा, त्यावर कोणता, आणि खालचा किती डोकावू द्यायचा, हे ठरवून टाके घालत गेले की पाहणाऱ्याला तिसराच रंग दिसतो. नुसती गुलाबी छटा घातली तर गाल रंगवलेल्या बाहुलीसारखा दिसतो. त्याच गुलाबीखाली राखाडी हिरवा विरळ घातलेला असला की रक्त त्वचेखाली असल्याचा भास होतो. मध्ययुगातले इटालियन चित्रकार चेहऱ्यासाठी आधी हिरवट मातीच्या रंगाचा थर देत, तो याच कारणासाठी.

शेजारच्या रंगाने रंग बदलतो, ही गोष्टही प्रथम शास्त्रशुद्धपणे मांडली गेली ती दोऱ्यांच्याच कारखान्यातून. पॅरिसच्या गोब्लां विणकामशाळेत रंगाई विभागाचे प्रमुख म्हणून 1824 मध्ये नेमलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांच्याकडे तक्रार आली होती की काळ्या लोकरीचा रंग निळ्याजांभळ्या भागांत फिका पडतो. त्यांनी तपासले, तर रंगाईत दोष नव्हता. शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे काळा निस्तेज भासत होता. यावरचा त्यांचा ग्रंथ 1839 मध्ये आला आणि पुढे चित्रकारांनी तो मनावर घेतला. आपल्या कामापुरता याचा अर्थ असा, की दोऱ्याची लडी हातात धरून रंग निवडू नये. कापडावर, तिच्या शेजारी जे दोरे येणार आहेत त्यांच्यासह ती ठेवून पाहावी.

रंगाइतकेच महत्त्व दिशेला आहे. दोऱ्याला चमक असते आणि ती टाक्याच्या दिशेप्रमाणे पालटते, म्हणून एकाच रंगाचा दोरा आडवा घातला तर वेगळा दिसतो आणि उभा घातला तर वेगळा. झवाग्लिया यांचे टाके ब्रशच्या फटकाऱ्यांसारखे चेहऱ्याच्या वळणाने जातात. कपाळावर ते एका बाजूला कलतात, गालावर वळतात, नाकाच्या दांड्यावरून उतरताना लहान होतात. ही युक्ती फार जुनी आहे. तेराव्या-चौदाव्या शतकांत इंग्लंडमध्ये चर्चसाठी होणारे रेशमी व सोनेरी भरतकाम युरोपभर नावाजलेले होते. त्यातले संतांचे चेहरे पाहिले तर दोरा चिरत जाणारे बारीक टाके गालावर चक्राकार घातलेले दिसतात, आणि केवळ त्या फिरण्यामुळे, छटा फारशी न बदलता, गाल गोल भासतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला ‘सायन कोप’ हा धर्मगुरूंचा झगा त्याचा उत्तम नमुना आहे.

कृष्णाकाठ:

मी मिरजेची, आणि कसुती हे माझ्या माहेरचे भरतकाम, म्हणून मागच्या बाजूविषयी मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

धारवाड-हुबळी भागातली कसुती इरकली साडीच्या पदरावर आणि खणावर भरली जाते. तिच्यात कापडावर नक्षी काढून घेत नाहीत. ताणाबाण्याचे धागे मोजून सुई चालते. चार टाके मुख्य: गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. यांपैकी गवंती म्हणजे जाताना धावदोरा घालायचा आणि परत येताना मधल्या मोकळ्या जागा भरायच्या. मुर्गी त्याच रीतीने, पण पायऱ्यापायऱ्यांनी जाते. हे दोन्ही नीट घातले तर पुढे-मागे एकच नक्षी उमटते, आणि गाठ कुठेही मारायची नसते. गोपुर, रथ, तुळशीवृंदावन, हत्ती अशा मोठ्या आकृतीत कोणत्या फांदीवरून जाऊन कोणत्या फांदीवरून परतायचे, याचा सगळा मार्ग सुई टोचण्याआधी डोक्यात असावा लागतो, नाहीतर शेवटी एखादी रेघ तुटकी राहते आणि तिथपर्यंत पोचायला वाट उरत नाही. नेगी आणि मेंथीत मागची बाजू पुढच्यासारखी येत नाही, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात नसते. सगळी कसुती दोन्हीकडून सारखी असते, असे सरसकट म्हणणे बरोबर नाही.

आता स्वच्छ मागच्या बाजूचा आग्रह कशासाठी? माझ्या मते त्याचे मूळ वापरात आहे. पदर दोन्ही बाजूंनी दिसतो. वाऱ्याने उलटतो, खांद्यावरून पुढे घेतला की आतली बाजू वर येते. मागे लांब दोरे सोडले तर ते बांगडीत अडकतात, धुण्यापिळण्यात ओढले जातात आणि पुढची नक्षी आवळते. गाठ घासून सुटते किंवा खालच्या अंगाला टोचते. चंब्याच्या रुमालावरचे भरतकाम दोन्ही बाजूंनी सारखे असते, त्याचेही कारण असेच आहे. तो थाळीवर झाकला जातो, देवाघेवीत हाताळला जातो, त्याला ठरलेली सुलट बाजू नसते. म्हणजे हा नियम अंगावर घालायच्या, धुवायच्या, हातात धरायच्या कापडाचा आहे. पुढे शिवणाच्या वर्गांत तो सगळ्याच भरतकामाला लागू झाला आणि भिंतीवर लावायच्या चौकटीतल्या मोरालाही मागून गुण मिळू लागले.

झवाग्लिया यांचे काम पदर नाही, त्यामुळे त्यांच्या मागच्या बाजूला कसुतीचे माप लावणे मला अन्यायाचे वाटते. तरीही एक शंका मनात राहते आणि ती मोकळेपणाने मांडते. गवंतीची मागची बाजू ही भरणारीने घडवलेली असते. झवाग्लिया पुढच्या बाजूकडे पाहून टाके घालतात आणि मागे जे होते ते आपोआप होते. जे आपोआप झाले ते कितीही मनोवेधक दिसले, तरी त्याचे श्रेय कलावंताच्या कसबाला कसे द्यावे?

रेषाबिंदू:

कृष्णाकाठ ताईंच्या शंकेत तथ्य आहे, आणि झवाग्लिया यांनी पुढे जे केले ते पाहिल्याशिवाय तिचे उत्तर देता येणार नाही.

मागची बाजू नजरेत भरल्यावर त्या केवळ कापड उलटून मांडण्यावर थांबल्या नाहीत. त्या बाजूवरून त्यांनी गुआशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात, लहान चित्रे आणि ॲक्रिलिकमध्ये मोठ्या आकाराची चित्रे रंगवली. म्हणजे दोऱ्याचे प्रत्येक टोक, एकमेकांत गुंतलेली प्रत्येक वेटोळी, गाठीची सावली, हे सगळे ब्रशने, एकेक करून, पुन्हा घडवले. पहिल्यांदा हातून सहज झालेली गोष्ट दुसऱ्यांदा पूर्ण जाणीवपूर्वक केली गेली, आणि माझ्या दृष्टीने कलावंताचे श्रेय इथे स्पष्टच आहे. या वाटेत एक सुंदर वळसाही आहे: रंग सोडून दोऱ्याकडे गेलेली चित्रकार दोऱ्याच्या पाठीमागून पुन्हा रंगाकडे आली. सेंट लुइसच्या समकालीन कला संग्रहालयात 2014 साली झालेल्या ‘ग्रेट रिव्हर्स बिएनाले’ या द्वैवार्षिक प्रदर्शनासाठी निवडलेल्या तीन कलावंतांत त्या होत्या, आणि त्या सुमारास या उलट्या चेहऱ्यांकडे अनेकांचे लक्ष गेले.

शिवाय ती बाजू पूर्णपणे आपोआप होते, हेही मला पटत नाही. चित्रवहींनी सांगितलेला थरांचा क्रम लक्षात घ्या. दोरा कुठे संपवायचा, तोच रंग दुसऱ्या जागी न्यायला मागून किती लांब उडी घ्यायची, डोळ्याभोवती किती दाट भरायचे, हे निर्णय पुढच्या बाजूसाठी घेतले जातात, पण त्यांची नोंद मागे होते. जिथे चेहऱ्याचे बारकावे जास्त, तिथे मागे गर्दी जास्त. म्हणूनच तो चेहरा ओळखू येतो. डावे-उजवे पालटलेले असते, ओठांची रेघ विस्कटलेली असते, गालावरून भलत्याच रंगाचा दोरा गेलेला असतो, तरी माणूस तोच आहे हे कळते. झवाग्लिया यांनी या दोन बाजूंकडे माणसाच्या दोन रूपांसारखे पाहिले आहे: जगापुढे धरलेले नीटनेटके रूप, आणि सहसा न दाखवलेले, गुंतागुंतीचे, अस्वस्थ रूप. मुलांना, नवऱ्याला, मित्रांना वर्षानुवर्षे निरखणाऱ्या व्यक्तीला हे जाणवावे यात नवल नाही. अनोळखी माणसांचे चेहरे निवडले असते तर मागची बाजू बहुधा केवळ रंगांची मौज राहिली असती.

दोरे मोकळे सोडण्याचा विषय निघाला आहे, म्हणून घादा आमेर यांचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. त्यांचा जन्म कैरोचा, 1963 चा; 1974 मध्ये कुटुंब फ्रान्सला गेले. नीस शहरातल्या कलाशाळेत रंगकामाच्या वर्गात विद्यार्थिनींना प्रवेश नाही, असे त्यांना ऐकवले गेले. 1988 मध्ये कैरोला गेल्या असताना त्यांच्या हाती एक शिवणकामाचे मासिक लागले, ज्यात पाश्चात्त्य पोशाख बुरख्याला साजेसे करून दाखवले होते. त्यातून शिवण-भरतकामाकडे त्यांचे लक्ष वळले आणि 1991 पासून त्या कॅनव्हासवर दोऱ्याने चित्रे करू लागल्या. ‘कामात असलेल्या पाच स्त्रिया’ अशा अर्थाचे त्यांचे त्या वर्षीचे एक काम आहे, ज्यात प्रत्यक्षात घरकाम, खरेदी, स्वयंपाक आणि मूल सांभाळणे अशी चारच चित्रे आहेत. पाचवी स्त्री म्हणजे ती चित्रे भरणारी स्वतः. पुढच्या कामांत त्या दोऱ्यांची टोके न कापता पुढच्याच बाजूला लोंबती ठेवतात, आणि ती रंगाच्या ओघळांसारखी आकृत्यांवर पसरतात. आमेर यांच्या दोऱ्यांत चित्रकलेने बायकांसाठी बंद केलेल्या दाराला दिलेले उत्तर आहे. झवाग्लिया यांच्या दोऱ्यांत तसा संघर्ष नाही, तिथे घर आहे आणि घरातल्या माणसांकडे बघण्याची अपार चिकाटी आहे. मला स्वतःला दुसरी गोष्ट पहिलीहून कमी महत्त्वाची वाटत नाही, जरी कलासमीक्षेत पहिलीचा उल्लेख अधिक होत असला तरी.

सुईदोरा:

सर्वांचे मनापासून आभार. नियम वापरातून आला, हे कृष्णाकाठ ताईंचे म्हणणे मला पुरेपूर पटले, आणि रेषाबिंदू यांनी म्हटलेली ‘नोंद’ डोक्यातून जात नाही. आता आजीच्या चित्रापुरते दोन प्रश्न उरतात. छायाचित्र कृष्णधवल आहे. तर चेहरा राखाडी छटांत भरावा की त्वचेचे रंग कल्पनेने आणावेत? आणि मागची बाजू पुढे दाखवायची असेल, तर तिचा विचार सुरुवातीपासून करावा का?

चित्रवही:

रंग आणावेत, पण उजेड-अंधार मात्र छायाचित्राचाच ठेवावा. छायाचित्र मोठे करून घ्या आणि त्यावर पेन्सिलीने पाच-सहा प्रदेश आखा: सर्वांत उजळ, त्याखालचा, असे सर्वांत गडदपर्यंत. मग प्रत्येक प्रदेशासाठी एकाऐवजी दोन-तीन दोरे निवडा, जे रंगाने वेगळे पण उजळपणाने सारखे असतील. त्यांच्या उजळपणाची खात्री करायला लड्यांचे मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढून पाहा. ज्या लड्या त्यात सारख्या राखाडी दिसतात त्या एका प्रदेशात निर्धास्तपणे मिसळता येतात. गहूवर्णी त्वचेसाठी गेरू, फिकट तपकिरी आणि किंचित गुलाबी यांच्या जोडीला शेवाळी हिरवा व मळकट जांभळा हाताशी ठेवावा; सावल्या काळ्या दोऱ्याने भरू नयेत, त्याने चेहरा मेल्यासारखा होतो. काळा फक्त डोळ्याच्या बाहुलीत आणि केसांत, तोही गडद तपकिरीच्या सोबतीने.

सहा पदरी सुती दोऱ्याचा एकच पदर घ्यावा. डोळे आधी भरावेत, असे मी सुचवीन, कारण ते जमल्यावर बाकीच्या चेहऱ्याचे माप मिळते. टाक्यांची दिशा सुरुवातीलाच कापडावर पुसट बाणांनी काढून ठेवावी. आजीच्या सुरकुत्या रेघ म्हणून काढू नयेत. दोन दिशांचे टाके जिथे भेटतात तिथे सुरकुती आपसूक दिसते.

कृष्णाकाठ:

मागच्या बाजूविषयी मी सांगते. तिला मुद्दाम देखणी करायला जाऊ नका. रेषाबिंदू म्हणतात तशी ती नोंद राहायची असेल, तर तिच्यात दिखाऊपणा शिरता कामा नये. मात्र कापडाची काळजी घ्यायलाच हवी. दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा लांब उडी ताणून घेतली तर कापड आवळते आणि पुढे गालावर चुणी पडते. लांब जायचेच असेल तर दोरा किंचित सैल सोडा. पातळ लिनन असेल तर न भरलेल्या उजळ भागामागून गडद दोरा नेऊ नका, तो पुढून सावलीसारखा दिसतो. काम थांबवताना दर वेळी कापड ताणून धरणारी गोल रिंग काढून ठेवा, नाहीतर तिचा वळ राहतो. त्यापेक्षा चौकोनी लाकडी चौकटीवर कापड ताणून घेणे चेहऱ्यासाठी अधिक बरे.

दोरा सुरू करताना गाठीची गरज नसते. एका पदराचे टोक तीन-चार बारीक उलट्या टिपांनी तिथेच अडकवा, जिथे नंतर भरणी येणार आहे, आणि संपवताना मागच्या टाक्यांखालून ओवून न्या. चौकट करताना मागे पुठ्ठा चिकटवू देऊ नका. दोन काचांमध्ये, कापड काचेला टेकणार नाही इतकी फट ठेवून, चौकट करून देणारे कारागीर सांगली-मिरजेत आहेत, आणि इतरत्रही विचारल्यावर मिळतील. काम निम्मे झाले की दोन्ही बाजूंची छायाचित्रे इथे टाका. नाकाजवळचा भाग कसा बसतो आहे, ते पाहून पुढच्या छटांविषयी नेमके बोलता येईल.